येऊ का, साहेब?

रुजू व्हायला गेले त्या दिवशी माझ्या हातातला नेमणुकीचा कागद औषधाच्या खिडकीतल्या काकांनी दोन्ही हातांनी घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "बसा सिस्टर, साहेबांना दाखवून येतो." व्हरांड्याच्या टोकाला एक बंद दार होतं, तिथं गेले. चपला काढल्या, शर्टाची वरची गुंडी लावली, दोन बोटांनी दारावर टकटक केलं आणि मान जराशी वाकवून विचारलं, "येऊ का, साहेब?" थोडं थांबले, आत गेले, दार लोटून घेतलं. पाचेक मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, साहेबांनी रुजू करून घेतलंय, सही मंगळवारी होईल.

मी म्हटलं, बरं बाई. वय तेवीस, पहिलीच नोकरी, आणि माणूस घाटावरचं. जुन्नरकडून एसटीनं माळशेज उतरून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, आणि शहापूरहून शेणव्याच्या पुढं दिवसातून तीनदा जाणारी गाडी पकडून मी त्या आरोग्य केंद्रावर पोचले होते. हाडं खिळखिळी झाली होती. गावाचं नाव सांगत नाही. सांगून तरी काय, त्या पट्ट्यात कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

तीन दिवस मी साहेबांची वाट पाहिली. रोज साडी कडक इस्त्रीची, केस चापूनचोपून, न जाणो केव्हा बोलावतील. बोलावणं काही येईना. पेशंट यायचे, कागद आत जायचा, कागद बाहेर यायचा, "साहेबांनी हे दिलंय" म्हणून औषध मिळायचं, आणि साहेब मात्र ना चहाला बाहेर ना जेवायला. मला रागच आला. नवी सिस्टर आली तर माणसानं निदान तोंड तरी दाखवावं.

चौथ्या दिवशी मी इमारतीच्या मागं उकळलेले हातमोजे दोरीवर वाळत घालत होते. तेव्हा ते धुऊन परत वापरायचे. साहेबांच्या खोलीची मागची खिडकी अर्धी उघडी होती. आत हिरवं कापड घातलेलं टेबल, रक्तदाबाचं मशीन, काचेचा पेपरवेट, आणि पाठीला पांढरा टॉवेल घातलेली लाकडी खुर्ची. खुर्ची रिकामी. टेबलाच्या अलीकडं काका उभे, दोन्ही हात पुढं बांधून. मोठ्यानं, स्पष्ट आवाजात सांगत होते, "साहेब, पुरुष, वय अंदाजे पन्नास. ताप एक दिवसाआड, थंडी वाजून येतो. मलेरियासाठी रक्ताची काच घेतलीय." मग गप्प. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत गप्प. मग "होय साहेब" म्हणाले आणि वळले. माझ्या हातातला मोजा चिखलात पडला.

मी तरातरा औषधाच्या खिडकीशी गेले. माझ्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हतं. म्हटलं, काका, आत डॉक्टर नाहीत. त्यांनी गोळ्यांची पुडी बांधता बांधता वर न बघता सांगितलं, "आहेत की. दोन पदं मंजूर आहेत. फक्त माणसं नाहीत."

खरंच तसं होतं. एक पद कित्येक वर्षं रिकामं. दुसऱ्या पदावरचे डॉक्टर कागदावर आमच्याकडं आणि प्रत्यक्षात ठाण्याला कुठल्याशा कार्यालयात. शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरांकडं आमचा जादा कार्यभार; ते बिचारे स्वतःच्याच गर्दीत बुडालेले, जीप चालू असली तर मंगळवारी यायचे, आठवड्याच्या सह्या करायचे, दहा-वीस अवघड पेशंट बघायचे आणि जायचे. त्यांना तरी काय बोलणार. उरलेले सहा दिवस ती डोंगराकडची सगळी गावं आणि पाडे, आणि आम्ही दोघं.

सरकारी भाषेत त्यांच्या पदाला 'मिश्रक' म्हणत, म्हणजे कंपाउंडर. पुढं कधीतरी सरकारनं नाव बदलून 'औषध निर्माण अधिकारी' केलं, तेव्हा तो कागद हातात घेऊन ते दिवसभर हसत होते. म्हणाले, लाल औषधात पाणी घालतो मी, निर्माण काय केलं? मूळचे मुरबाडकडचे. उंच, हडकुळे, कायम पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, नखं अशी कापलेली की बोटांची टोकं लाल दिसायची. वाचता न येणाऱ्यांसाठी पुडीवर चित्रं काढायचे. सकाळच्या गोळीच्या पुडीवर अर्धा सूर्य, दुपारच्या पुडीवर अख्खा, रात्रीच्या पुडीवर चंद्र. अमावास्येला एका बाईनं गोळी घेतलीच नाही, चंद्रच नाही म्हणून. तेव्हापासून चंद्राच्या शेजारी एक चूल काढायला लागले. चूल काही कुठं जात नाही.

दार वाजवायची ही तऱ्हा कधी सुरू झाली ते त्यांनी मला पुढं सांगितलं. आधीचे डॉक्टर बदलून गेले तेव्हा महिनाभर हे स्वतःच्या नावानं औषध देत होते. मलेरियाच्या गोळ्या कडू जहर. एक म्हातारा त्या घेऊन जायचा आणि ओढ्यात टाकायचा. विचारलं तर म्हणाला, तू बाटल्या भरनारा, तुला काय कळतंय, डाक्टरनं दिली तं खाईन. ह्यांना काय सुचलं कोण जाणे, त्याचा कागद घेतला, बंद खोलीचं दार वाजवलं, आत जाऊन उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, साहेबांनी दिल्यात. म्हातारा गोळ्या खाऊन बरा झाला आणि पाड्यावर जाऊन सांगून आला, नवीन डाक्टर आलाय. झालं, गोष्ट तोंडातोंडी डोंगरभर गेली.

मी म्हटलं, मग पेशंटपुरतं करा की नाटक. आत जाऊन बिडी ओढा, पेपर वाचा. खुर्चीला कशाला सांगत बसता? त्यावर त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"नाय सिस्टर," म्हणाले. "उभं राहून मोठ्यानं सांगितलं की माझं मलाच ऐकू येतं, कुठं काय चुकतंय ते. त्या खुर्चीत बसलो तर मला वाटायला लागंल की मला कळतं. मला काय कळत नाय ते मला ठाऊक असलं पायजे."

आणि हे खोटं नव्हतं. कैकदा आत जाऊन ते खुर्चीशी वाद घालताना मी ऐकलंय. नाही साहेब, हे आपल्या हातचं नाही. पोट दगडासारखं लागतंय, शहापूरला पाठवतो. बाहेर येऊन पेशंटला दटावायचे, साहेब म्हणतात आत्ताच्या आत्ता शहापूर गाठ. त्यांच्या हातून चुकीचं औषध गेल्याचं मला तरी आठवत नाही. शिकलेल्या डॉक्टरांनी केलं नसतं इतकं भिऊन ते काम करायचे.

साहेबांना लोकांनी पार जिवंत माणूस करून टाकलं होतं. बायका आपसात बोलायच्या, लय गोरा हाय म्हने, उनात नाय निघत. कोणी म्हणायचं चष्मा आहे, कोणी म्हणायचं बायको सोडून गेली म्हणून तोंड दाखवत नाही. रागीट आहे यावर सगळ्यांचं एकमत, कारण हे सगळ्यांना साहेबांच्या नावानं झापायचे. साहेब चिडलेत, बिडी सोड म्हणतात. साहेब विचारतात, पोराला तिसरा डोस द्यायला काय मुहूर्त बघतोस? पावसाळ्यात साहेबांसाठी काकड्या यायच्या, शिराळी यायची, करटोली यायची. एकदा एकानं कोंबडा आणून दिला. तो ह्यांनी साहेबांच्या टेबलाच्या पायाला बांधला आणि भर गर्दीत आतून कोंबडा आरवला. व्हरांडाभर माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "साहेबांची तब्येत बरी नाय आज," म्हणाले आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढचा कागद घेतला. त्या दिवशी मी औषधाच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसले.

तो कोंबडा आम्ही खाल्ला, हेही सांगून टाकते. सांजचं साहेबांच्या टेबलावर जे काय जमलेलं असेल त्यातलं निम्मं ते माझ्या क्वार्टरच्या पायरीवर ठेवायचे. "साहेबांनी पाठवलंय," एवढंच म्हणायचे. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं, कारण त्या सबंध दिवसात माझी आठवण काढणारं दुसरं कोणी नसायचं.

एकटेपणा म्हणजे काय ते मी तिथं शिकले. केंद्राच्या मागं चार क्वार्टर. एकात मी, एकात ते, एकाचं छप्पर गळकं म्हणून बंद, आणि चौथं, सगळ्यात मोठं, डॉक्टरांचं. ते कुलूपबंद असायचं, पण त्याच्या दाराशी ह्यांनी मोगरा लावला होता. रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालायचे. मी विचारलं, राहत कोणी नाही, कशाला? म्हणाले, डॉक्टरीणबाई येतील, त्यांना डोक्यात घालायला फूल नको? स्वतःच्या बायकोला मात्र त्यांनी कधी तिथं आणलं नाही. ती मुरबाडला, दोन पोरांच्या शाळेपायी. जायचं-यायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलून अर्धा दिवस. शनिवारी जातो म्हणायचे आणि शनिवारीच कोणीतरी ओकत-हगत यायचं. डॉक्टर नाहीत आणि मीही नाही असं कसं चालेल, म्हणून पिशवी परत खुंटीला. पोरं बापाला पाहुणा समजायला लागली होती. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं आणि लगेच उठून बाटल्या धुवायला गेले.

दर एक तारखेला डॉक्टर द्यावा असा अर्ज करायचे. अक्षर मोत्यासारखं. उत्तर आलंच तर एकच, आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आला आहे. ते उत्तरही दार वाजवून आत नेऊन खुर्चीला वाचून दाखवायचे.

मधे एक डॉक्टर आले होते, नाही असं नाही. तरणाबांड मुलगा, नुकताच पास झालेला. हे इतके खूश की स्वतः क्वार्टर सारवून घेतलं, आंघोळीला पाणी तापवून ठेवलं. अकरा दिवस राहिला तो. बाराव्या दिवशी बॅग घेऊन व्हरांड्यात उभा. म्हणाला, सिस्टर, इथं बोलायला माणूस नाही हो. खोटं कसं म्हणू? नव्हताच. हे त्याला गाडीत बसवून आले, खोलीत गेले, टॉवेल झटकून पुन्हा खुर्चीला घातला आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक, येऊ का, साहेब?

आता जे सांगायचंय ते मला नीट सांगता येत नाही, पण त्याच्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

नदीपल्याड एक पाडा होता, मी महिन्यातून एकदा तिथं लसीकरणाला जायचे. एका खेपेला एक नवी नवरी दारात उभी होती, हातातला चुडा अजून नवा. मला म्हणाली, "आमच्याकडं बोलतात तुमच्या दवाखान्यात डाक्टर असतो. खराच असतो का गो बाय?" तिच्या माहेरच्या बाजूला दवाखाना बंदच असायचा म्हणे. चार बायका ऐकत होत्या. खरं सांगितलं तर उद्यापासून कोणी केंद्राकडं फिरकणार नाही, बाळंतपणं पुन्हा घरात. मी म्हटलं, "असतो की. काही झालं तर सरळ ये."

भाद्रपदात, गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला असेल. भात पोटरीला आलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला तिचा नवरा आणि दीर तिला चादरीच्या डोलीत घालून घेऊन आले. बांधावर गवत कापताना टाचेला साप चावला होता. मी प्रसूतीच्या खोलीत होते, एक पहिलटकरीण अडली होती. आवाज ऐकून बाहेर आले तर ती डोलीत बसलेली, शुद्धीवर, पण पापण्या जड होऊन मिटायला लागलेल्या. नवऱ्यानं पाय बांधला होता, घाम पुसत होता, पण घाबरलेला नव्हता. तो निश्चिंत होता. तेच मला अजून दिसतं.

सापावरची लस आमच्याकडं नव्हती. असती तरी ती डॉक्टरशिवाय द्यायची नाही, नाहीतर लसच जिवावर बेतते. लस शहापूरला, डॉक्टर शहापूरला, आमची जीप शेजारच्या केंद्रात आणि फोन पावसापासून मुका. ह्यांनी सगळ्यात आधी विचारलं, रस्त्यावर गाडी नाही मिळाली? नवरा म्हणाला, मिळाली ना. भाजीचा टेम्पो होता. टेम्पोवाला स्वतः थांबला, म्हणाला घाला आत, शहापूरलाच चाललोय.

"मंग?"

"मीच नको बोललो. आपला डाक्टर हाय ना हितं."

टेम्पो जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

नवरा म्हणाला, डाक्टरला बोलव. हे जागचे हलले नाहीत. त्यानं पुन्हा म्हटलं, आता जरा आवाज चढवून. तेव्हा हे त्या दाराशी गेले. चपला काढल्या नाहीत, गुंडी लावली नाही, टकटक केलं नाही. दोन्ही हातांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. नवरा आत गेला. त्यानं खुर्ची बघितली, टॉवेल बघितला, खाली वाकून टेबलाखाली बघितलं, दारामागं बघितलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर रागसुद्धा नव्हता.

"मंग इतकी वरसं तू कोनासंगती बोलत व्हतास?"

ह्यांनी सायकलवर माणूस पिटाळला, पुढच्या गावातली काळीपिवळी जीप यायला एक वाजला. तोवर ती बोलायची थांबली होती. तिला उताणी न ठेवता कुशीवर धरून हे जीपमधे बसले. मला जाता आलं नाही, आतली बाई टाकून कशी जाणार? शेणवा ओलांडल्यावर तिचा श्वास थांबला. इकडं दोन वाजता मुलगी झाली. एक गेली, एक आली, असं म्हणून लोक समाधान करून घेतात. मला ते आजपर्यंत जमलेलं नाही.

सांजच्या गाडीनं ते परत आले आणि साहेबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. मी चहा दिला, तो तसाच निवला. मला सांगायचं होतं की काका, तिला 'डॉक्टर असतो' म्हणून मीच सांगितलं होतं, तुम्ही नाही. ओठांपर्यंत आलं होतं. पण ते बोलतील, निदान मला शिव्या तरी देतील, याची भीती वाटली की न बोलता मान हलवतील याची, कोण जाणे. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची खुर्ची टॉवेलसकट व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. लसीकरणाचा फळा पुसून त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टर नाहीत.' त्याखाली शहापूरकडं जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा. एसटीच्या तीन, भाजीचा टेम्पो, शाळामास्तरांची मोटारसायकल, सगळं. रोज सकाळी तो फळा पुसायचे आणि तेच पुन्हा लिहायचे. वाचता न येणाऱ्याला तोंडानं सांगायचे, डॉक्टर नाय, मी औषधवाला. तापाची गोळी देतो, पण जास्त असंल तर हितं टेकू नको, चालू लाग. आणि खरोखर अवघड पेशंट आला की पांढऱ्या कपड्यात जाऊन रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहायचे. ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचे. पुढं पुढं लांबूनच वेग कमी करायला लागले.

खऱ्यानं सगळं सुधारलं असं मात्र नाही, मी का खोटं बोलू. गर्दी निम्म्यावर आली. कोणी भगताकडं गेलं, कोणी बाजारच्या दिवशी टपरीत बसून सगळ्याच दुखण्यांना सुई टोचणाऱ्या एका इसमाकडं. त्याच्या गळ्यात नळी होती ना. ओढ्यात पुन्हा गोळ्या दिसायला लागल्या. एकदा कातकरवाडीतली एक म्हातारी आली, डोळ्यांनी अधू, कायम दम्यानं बेजार. कागद पुढं केला आणि म्हणाली, आज दार नाय वाजवलास? हे म्हणाले, आजी, आत कोनी नाय. म्हातारी म्हणाली, "ता मना कवाच ठावं हाय रे. तू वाजव."

त्यांनी नाही वाजवलं. पुडीवर सूर्य काढला, चूल काढली. सूर्य वाकडा आला होता.

मग तपासणीला एक वरचे साहेब आले, खरेखुरे, जीपमधून उतरणारे. फळा बघून त्यांचं टाळकं सरकलं. म्हणाले, हे पुसा, असं कधी लिहितात का? 'डॉक्टर फिरतीवर आहेत' असं लिहा. मी व्हरांड्यात रजिस्टर घेऊन उभी होते. एरवी साहेबासमोर खाली मान घालणारा हा माणूस पहिल्यांदा वर बघून बोलला.

"फिरतीवर लिहिलं तर माणूस वाट बघत बसतो, साहेब. नाहीत म्हटलं की उठून चालू लागतो."

साहेबांनी स्वतःच्या रुमालानं फळा पुसला. ते गेल्यावर ह्यांनी पुन्हा लिहिला. नोटीस आली, मग बदली आली. शिक्षा म्हणून सरकारनं त्यांना पाठवलं कुठं, तर मुरबाडला, घराजवळ. मी म्हटलं, काका, जन्मात पहिल्यांदा सरकारच्या हातून चुकून भलं झालं. ते हसले नाहीत. जायच्या दिवशी मोगऱ्याला पाणी घातलं, फळ्यावर त्या दिवसाच्या गाड्या लिहिल्या आणि त्यातल्याच दुपारच्या गाडीनं गेले.

दीडेक वर्षानं आमच्याकडं डॉक्टर आल्या. नांदेडकडची मुलगी, शिक्षणाच्या बाँडवर. पहिल्या दिवशी मी सवयीनं दार वाजवलं आणि आतून आवाज आला, "या ना." मला दचकायला झालं. हे काकांनी ऐकायला हवं होतं असं वाटून डोळे भरून आले. नऊ महिने होत्या त्या. मोगरा डोक्यात घालायच्या. पुढच्या शिक्षणाला नंबर लागला आणि गेल्या. तिच्या जागी असते तर मीही गेले असते.

माझी बदली पुढं वाशिंदच्या बाजूला झाली. लग्न, पोरंबाळं, धावपळ. मुरबाडला जाऊ जाऊ म्हणता दहा वर्षं गेली. दोन हजार आठ-नऊ साल असेल, औषधांच्या पेट्या आणायला मुरबाडला गेले होते, तेव्हा कळलं की काका रिटायर होऊन घरी आहेत आणि विसरायला लागलेत. बायको वारली होती. धाकट्या पोराकडं राहत होते, शहापूर रस्त्यावरच घर.

सुनेनं ओळख विचारून आत घेतलं. म्हणाली, जेवले का ते आठवत नाही, माझं नाव आठवत नाही, आणि दिवसातनं दहा वेळा आपल्याच खोलीचं दार वाजवत बसतात हो, आत कोण नसतं. लहानपणी बाप घरी नव्हता म्हणून त्यांच्याशी काय बोलावं ते ह्यांच्या मुलालाही कळत नाही, असंही तिनं चहा ठेवता ठेवता सांगितलं. सांगताना तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

पडवीच्या टोकाला ते उभे होते, बंद दारासमोर. पांढरा शर्ट, वरची गुंडी लावलेली. चपला बाजूला काढलेल्या. दोन बोटांनी टकटक केलं. "येऊ का, साहेब?" थांबले. पुन्हा टकटक. कोणी बोलत नव्हतं, आणि बोलल्याशिवाय आत जायचं नाही एवढं मात्र त्यांच्या डोक्यात आता पक्कं बसलं होतं.

त्या खोलीला परसाकडून दुसरं दार होतं. मी सुनेला काही न सांगता मागून आत शिरले. खाट, कपाट, एक प्लॅस्टिकची खुर्ची. मी खुर्चीत बसले नाही, तिच्यामागं उभी राहिले. पुन्हा टकटक झालं तेव्हा म्हटलं, "या."

दार उघडलं. ते आत आले, दोन्ही हात पुढं बांधून उभे राहिले. माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते.

"साहेब, बाई, वय अंदाजे वीस. टाचेला साप चावलाय. पापण्या मिटायला लागल्यात." थांबले. ओठ हलत राहिले. "भाजीचा टेम्पो आत्ताच गेलाय, साहेब. काय करू?"

इतकी वर्षं झाली होती. माझ्या मनात आलं, आता तरी सांगावं, की काका, तिला मी सांगितलं होतं. पण ते मला विचारत नव्हते, साहेबांना विचारत होते. मी म्हटलं, "थांबू नका. मिळेल त्या गाडीत घाला आणि शहापूरला पाठवा. आत्ता."

"होय साहेब," म्हणाले. वळले आणि अनवाणीच बाहेर पडले, त्या वयात माणूस चालेल त्याच्या दुप्पट वेगानं. पडवी उतरले, अंगण ओलांडलं आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभे राहिले. सून कप खाली टाकून ओरडली. मी मागं धावले. समोरून येणाऱ्या टेम्पोनं करकचून ब्रेक लावला आणि ड्रायव्हरनं मुंडी बाहेर काढून विचारलं, काय बाबा, काय झालं?

त्यांनी एक हात टेम्पोच्या दर्शनी पत्र्यावर ठेवला, तो निघून जाऊ नये म्हणून. मागं वळून बघितलं, आणि या खेपेला मला ओळखलं.

"सिस्टर, आणा तिला," म्हणाले. "गाडी थांबलीय."